पाइपलाइनची अलाइनमेंट शीटं कॅडमध्ये: आधी साखळी, मग शीट

विट्याच्या एका तरुण सर्व्हेअरने विचारलंय ते थोडक्यात असं. आटपाडीकडे जाणाऱ्या ३८ किलोमीटर पाइपलाइनच्या मार्गाचा सर्व्हे झाला आहे. डीजीपीएसचे (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राचे) बिंदू, ड्रोनचा डेटा आणि गावनकाशे हातात आहेत, ऑफिसात ऑटोकॅड मॅप थ्रीडी हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आहे. वर प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) आणि खाली एल-सेक्शन (मार्गाच्या लांबीने जमिनीचा उभा छेद) अशी अलाइनमेंट शीटं करून द्यायची आहेत. पहिली काही शीटं तयार झाली, तेवढ्यात मार्ग मध्येच एका ठिकाणी बदलला आणि पुढचं सगळं चुकलं. दर बदलाला सगळं पुन्हा काढायचं का? आणि प्लॅनवरची साखळी, म्हणजे मार्गाच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर, खालच्या सेक्शनच्या साखळीच्या बरोबर वर का येत नाही? शिवाय टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) केलेली मोजणी डीजीपीएसच्या बिंदूंशी जुळत नाही, अशीही तक्रार आहे.

मी सांगलीत राहून हीच कामं वीसेक वर्षं करतोय, बहुतेक पाण्याच्या नलिकांची. तुम्ही पाठवलेली दोन शीटं उघडून पाहिली. काम स्वच्छ आहे, रेषा नीट आहेत. पण तुम्ही दर किलोमीटरचा तुकडा कापून नव्या फाइलमध्ये नेलाय, तिथे तो फिरवून आडवा केलाय आणि मग त्यावर लिहिलंय. दुखण्याचं मूळ तिथेच आहे. तुकडा फिरवला की त्याचे खरे निर्देशांक गेले. त्यानंतर ती विहीर, तो बांध, तो ओढा यांचा जमिनीशी संबंध उरत नाही, नुसतं चित्र उरतं. मार्ग बदलला की ते चित्र हाताने दुरुस्त करण्यावाचून इलाज नसतो.

सगळं एकाच फाइलमध्ये, खऱ्या निर्देशांकांवर, जागच्या जागी राहू द्या. शीट म्हणजे त्या नकाशावर उघडलेली खिडकी. खिडकी फिरते, नकाशा हलत नाही. कॅडमध्ये याला लेआउट (छापायचा कागद) आणि व्ह्यूपोर्ट (त्यावरची खिडकी) आहेतच, ते कसे वापरायचे ते पुढे सांगतो. आधी सेंटरलाइनबद्दल, म्हणजे पाइपच्या मधल्या रेषेबद्दल बोलू, कारण तीच चुकली तर खिडक्या कितीही चांगल्या असून उपयोग नाही.

सेंटरलाइन एकच सलग द्विमितीय पॉलीलाइन (जोडलेल्या तुकड्यांची एकसंध रेषा) असू द्या. स्प्लाइन नको, तुटक तुकडे नकोत, आणि थ्रीडी पॉलीलाइन तर अजिबात नको. थ्रीडी पॉलीलाइनची लांबी उतारावरून मोजली जाते. आपली साखळी आडव्या अंतराची असते. दहाला एक असा चढ सलग किलोमीटरभर असला तर आडवं अंतर १००० मीटर आणि चढावरचं अंतर १००५ मीटर भरतं. घाटमाथ्याकडे चढणाऱ्या रायझिंग मेनमध्ये (पंपाने पाणी वर चढवणाऱ्या नलिकेत) हा फरक हळूहळू साठत जातो आणि कुठून आला ते कळत नाही. पाइपची ऑर्डर काढताना मात्र उतारावरचीच लांबी धरायची. ती वेगळ्या तक्त्यात काढा, साखळीत मिसळू नका.

पॉलीलाइनची दिशा पाण्याच्या दिशेने. पंपहाउसला ०/००० (आधी किलोमीटर, तिरक्या रेषेनंतर मीटर). डावं-उजवं हेही पाण्याच्या दिशेने तोंड करून ठरवायचं. ही गोष्ट शीटवरच्या टिपेत लिहून ठेवा. नाहीतर शीटवरच्या गट नंबरांच्या पट्टीत डावीकडचा शेतकरी उजवीकडे जातो आणि नोटीस भलत्याच माणसाला पोचते.

आता मार्ग बदलण्याबद्दल. तुमच्या प्रश्नातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आटपाडी तालुक्यातच एका मार्गावर मी साखळ्या लावल्या होत्या. दर शंभर मीटरला दगड, त्यावर पांढऱ्या पट्ट्यावर लाल रंगात आकडा. पुढे सातव्या किलोमीटरला एका जुन्या विहिरीला वळसा घालायचं ठरलं. वळशामुळे मार्ग ८६ मीटरने वाढला. मी सेंटरलाइन बदलली, साखळी पुन्हा चालवली, सगळी शीटं नव्याने काढून दिली. कागद एकदम चोख दिसत होता. महिन्याभराने खड्डे घ्यायला गेलो. एका डाळिंबाच्या बागेच्या कडेला तो शेतकरी दगडाशेजारी उभा होता. दगडावर ९/२००, माझ्या हातातल्या शीटवर त्याच बांधाला ९/२८६. तो म्हणाला, "सायेब, दगडावर एक आन् कागदावर एक. नुकसानीचा पंचनामा झाला तवा दगड बघून लिवलंय. आता मी कुठलं खरं धरू?"

त्याचं बरोबर होतं. पंचनामा जुन्या साखळीने झालेला, गटवार तक्ता जुन्या साखळीने, ठेकेदाराच्या माणसाने एअर व्हॉल्व्हचा (पाइपमधली हवा सोडणाऱ्या झडपेचा) खड्डा दगड बघून घेतलेला. बागेतली एक ओळ ८६ मीटर चुकीच्या जागी उकरली गेली होती. फळ धरलेली झाडं होती. ती चूक माझी होती आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून एक गोष्ट पाळतो. साखळी एकदा जमिनीवर उतरली आणि कुणाच्या कागदावर चढली की ती पुढे सरकवायची नाही. मार्ग मध्येच बदलला तर बदललेल्या भागापुरतीच नवी साखळी चालवायची आणि जिथे नवा मार्ग जुन्याला परत मिळतो तिथे साखळी समीकरण लिहायचं. वरच्या उदाहरणात ते असं झालं असतं: 'मागील सा.क्र. ७/४२० = पुढील सा.क्र. ७/३३४'. म्हणजे वळशाने मोजत आलं की त्या बिंदूला ७/४२० येतं, पण तिथून पुढे जुनीच साखळी चालू राहते. पुढचे सगळे दगड, पंचनामे, तक्ते जसेच्या तसे राहतात.

यात एक कटकट आहे. ७/३३४ ते ७/४२० हे आकडे दोनदा येतात, एकदा वळशावर आणि एकदा पुढे. वळशाच्या सगळ्या साखळ्यांना मी 'अ' जोडतो: ७/३५० अ. मार्ग कमी झाला असेल तर उलट होतं, मधले काही आकडे गायबच असतात. तेही समीकरणातून दिसलं पाहिजे. आणि तुमच्या मार्गात असाच वळसा आला तर मुख्य शीटवर ठळक लिहायचं: शेवटची साखळी ३८/०००, प्रत्यक्ष लांबी ३८,०८६ मीटर. हायड्रॉलिक डिझाइन करणाऱ्याला प्रत्यक्ष लांबी हवी असते. तो शेवटची साखळी बघून गणित मांडतो, त्यात त्याचा दोष नसतो.

ऑटोकॅडचं सिव्हिल थ्रीडी असेल तर अलाइनमेंटच्या गुणधर्मांत स्टेशन कंट्रोलखाली ही समीकरणं भरता येतात आणि लेबलं आपोआप बदलतात. तुमच्याकडे मॅप थ्रीडी आहे, त्यात अलाइनमेंट आणि प्रोफाइल या वस्तू नसतात. मग साखळीची लेबलं लिस्पने (कॅडमधल्या प्रोग्रामिंगच्या भाषेने) किंवा एक्सेलमधून टाकावी लागतील. लिस्पमध्ये व्हीएलॅक्स-कर्व्ह या नावाने सुरू होणारी फंक्शनं आहेत. त्यांतलं एक पॉलीलाइनवरच्या ठरावीक अंतराचा बिंदू देतं, दुसरं एखाद्या बिंदूपाशी रेषेचं अंतर किती भरलं ते सांगतं, तिसरं बाहेरच्या वस्तूपासून रेषेवरचा जवळचा बिंदू काढून देतं. या तिघांवर चाळीस-पन्नास ओळींचा प्रोग्राम होतो: विहिरीवर क्लिक केलं की तिची साखळी आणि डावं-उजवं अंतर मिळतं. हा प्रोग्राम एकदा लिहून ठेवा, आयुष्यभर पुरतो. समीकरणाची वजाबाकी त्यातच घाला.

निर्देशांकांचं थोडक्यात. सातारा-सांगली दोन्ही जिल्हे पूर्णपणे यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतात. मॅप थ्रीडीत ड्रॉइंगला यूटीएम८४-४३एन ही प्रणाली द्या आणि क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये ३२६४३ हा कोड. या झोनचं मध्य रेखावृत्त ७५ अंशांवर आहे, म्हणजे जतच्या पश्चिमेकडून जातं. मध्य रेखावृत्तावर यूटीएमचं प्रमाण ०.९९९६ असतं. त्यात आपल्या पठाराच्या उंचीचा परिणाम धरला तर विटा-आटपाडी भागात जमिनीवरचे १० किलोमीटर नकाशावर साडेचार ते पाच मीटरने कमी भरतात. तुमच्या ३८ किलोमीटरला हा फरक १८ मीटरच्या आसपास जाईल. टोटल स्टेशनने मोजलेला ट्रॅव्हर्स (बिंदूमागून बिंदू मोजत नेलेली साखळदंडी मोजणी) आणि डीजीपीएसचे कंट्रोल बिंदू जुळत नाहीत, अशी जी तुमची तक्रार आहे, तिचं कारण बहुधा हेच. टोटल स्टेशनमध्ये प्रमाण गुणक भरा आणि सगळं ग्रिडवर (नकाशावरच्या अंतरात) आणा, किंवा सगळं जमिनीवरच्या अंतरात ठेवा. अर्धं असं अर्धं तसं मात्र चालणार नाही. काय निवडलं ते शीटच्या टिपेत आलंच पाहिजे.

जुन्या टोपोशीटवरून काही उचलत असाल तर जपून. सांगलीची ४७ एल ही जुनी शीट एव्हरेस्ट या जुन्या मापन-आधारावर आहे. तिचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे घातले तर ओढे-रस्ते शंभर मीटरहून जास्त सरकलेले दिसतात. रूपांतर करूनच घ्या.

उंचीचंही तसंच. डीजीपीएस जी उंची देतो ती समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नासहून अधिक मीटरने कमी येते. सगळा मार्ग एकाच पद्धतीने मोजला असेल तर सेक्शन दिसायला बरोबर दिसतो, पण पंपहाउसच्या ड्रॉइंगमधल्या पातळ्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून (पक्क्या उंचीच्या खुणेवरून) आलेल्या असतात आणि दोन्ही जोडल्यावर घोळ होतो. म्हणून बेंचमार्कवरून दर दोनेक किलोमीटरला टीबीएम (तात्पुरत्या उंची-खुणा) ऑटो लेव्हलने आणून बसवा. अशा फ्लाय लेव्हलिंगचा बंद फरक (फेरी परत मूळ बिंदूला आणल्यावर उरणारा फरक) मिलीमीटरमध्ये किती चालतो, तर किलोमीटरच्या वर्गमुळाची १२ पट: १६ किलोमीटरच्या फेरीला ४८ मिलीमीटर. त्याहून जास्त आला तर परत चाला.

ड्रोनबद्दल एक गोष्ट अगदी जवळून सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या शीटवर मला ती दिसली. तुमच्या एल-सेक्शनमध्ये एका जागी जमीन सरळ उभी पावणेतीन-तीन मीटर चढते, मग दीडशे मीटर जवळजवळ सपाट चालते आणि पुन्हा सरळ उभी खाली येते. जमीन अशी नसते. दोन्ही उभ्या कडा प्लॅनवर पाहा: बरोबर बांधावर पडतात. तो उसाचा फड आहे! ड्रोनला वरून जे दिसतं त्याची उंची तो देतो, आणि उभ्या उसात त्याला फक्त पानांचा शेंडा दिसतो. खाली वाळव्या-मिरजेकडे कामं केली तर असे फड किलोमीटरमागे तीन-चार भेटतील. द्राक्षाचा मांडव असला तर हाच प्रकार दोन मीटरच्या आसपास आणि फार फसवा, कारण मांडव वरून इतका सपाट दिसतो की शंकाच येत नाही. डाळिंबाच्या बागेत दाते पडल्यासारखी रेषा येते, ती निदान ओळखू येते.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. भूपातळी तीन मीटर वर धरून त्याखाली मीटरभर आच्छादन ठेवून पाइप बसवला, तर कागदावर पुरलेला तो पाइप प्रत्यक्षात बांधापेक्षा वर हवेत येतो. खोदाईचं परिमाणही खोटं होतं. सॉफ्टवेअरचं झाडं गाळण्याचं फिल्टर सुट्या झाडांना बरं काम देतं, पण सलग फडात खाली जमिनीचा एकही बिंदू नसतो, मग गाळणार काय? त्या पट्ट्यात रोव्हर (हातातला डीजीपीएस) किंवा टोटल स्टेशन घेऊन, सरी धरून आत शिरून दर ३० मीटरला बिंदू घ्या. शक्य असेल तर ऊसतोडीनंतर जा. शेतकऱ्याला आधी विचारा, पाचट तुडवत चालताना त्याच्या ठिबकच्या नळ्या जपा. आणि सेक्शनमध्ये ड्रोनची रेषा व हाताने घेतलेली रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा, म्हणजे कुठल्या पट्ट्यात कशावर विश्वास ठेवला ते पुढच्या माणसाला कळेल.

सेक्शन काढायला मॅप थ्रीडीत सोपी रीत अशी. एक्सेलच्या एका स्तंभात चालू अंतर, स्वल्पविराम, मग भूपातळीतून डेटम (सेक्शनच्या तळाची धरलेली उंची) वजा करून गुणिले १० असा मजकूर तयार करा. तो स्तंभ कॉपी करून पॉलीलाइन कमांड सुरू केल्यावर पेस्ट करा, सगळा सेक्शन एका झटक्यात उमटतो. आडवं प्रमाण १:२००० आणि उभं १:२०० यासाठी ते दहाने गुणणं. इथे एक काळजी घ्या: आडवं अंतर नेहमी प्रत्यक्ष चालू अंतर घ्या, साखळीचा आकडा नको. समीकरण असलेल्या ठिकाणी साखळीचा आकडा मागे उडी मारतो आणि रेषा स्वतःवरच उलटी येते. आकडे लेबलात, अंतर रेषेत.

चढ जास्त असला की एका शीटमध्ये सेक्शन मावत नाही. सेक्शनला कागदावर १६० मिलीमीटर उंची दिली तर १:२०० ला ३२ मीटरच बसतात. मग डेटम तोडायचा, उभी दुहेरी रेष मारून दोन्ही बाजूंना डेटम लिहायचा. प्रमाण बदलू नका. एका शीटला १:२०० आणि पुढच्याला १:४०० असलं की साइटवरचा माणूस उतार डोळ्याने चुकीचा वाचतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, प्लॅन आणि सेक्शन एकाखाली एक का येत नाहीत. सेक्शनमध्ये मार्ग सरळ उलगडलेला असतो, प्लॅनमध्ये तो वळतो. समजा एका किलोमीटरच्या मधोमध ४० अंशांचं वळण आहे. सेक्शनमध्ये ते १००० मीटर १:२००० ला ५०० मिलीमीटर लांब दिसतात. प्लॅनमध्ये सुरुवात ते शेवट सरळ अंतर ९४० मीटरच भरतं, म्हणजे ४७० मिलीमीटर. तीन सेंटिमीटर कुठे गेले? वळणात गेले. शिवाय वळणाचा कोपरा त्या सरळ रेषेपासून १७१ मीटर बाजूला जातो, कागदावर साडेआठ सेंटिमीटर. प्लॅनची पट्टी अरुंद असेल तर कोपराच बाहेर पडतो.

याला दोन उपाय आहेत. पहिला: मार्ग फारसा वळत नसेल तर फरक मान्य करायचा, दर शंभर मीटरला प्लॅनवर ठळक साखळी खूण मारायची आणि वाचणाऱ्याने खूण जुळवून वाचायचं. दुसरा: वळण १५-२० अंशांहून मोठं असेल तर त्या कोपऱ्यावर प्लॅन तोडायचा. म्हणजे एकाच शीटवर दोन व्ह्यूपोर्ट, प्रत्येक आपापल्या सरळ भागाला समांतर फिरवलेला, मध्ये पाचरीसारखी मोकळी जागा किंवा एकमेकांवर चढलेली कडा. कोपऱ्याचा बिंदू दोन्हींत दिसला पाहिजे आणि तिथे वळणाचा कोन लिहिलेला पाहिजे. मला दुसरा उपाय आवडतो. प्लॅनखाली सेक्शन तंतोतंत येतो आणि थ्रस्ट ब्लॉक (वळणावर पाइपला टेकू देणारा ठोकळा) कुठे लागणार ते शीट उघडताच दिसतं. मात्र भूसंपादनाच्या कामासाठी तोडलेला प्लॅन देऊ नका. पाचरीत एखादा गट अर्धा गायब होतो आणि मोजणीवाले गोंधळतात. त्यांना सलग प्लॅनची वेगळी शीटं द्या. नकाशा एकच असल्याने ती काढायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही.

व्ह्यूपोर्ट फिरवण्याची रीत: लेआउटमध्ये व्ह्यूपोर्टच्या आत जा, यूसीएस कमांडने शीटच्या सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू देऊन एक्स अक्ष मार्गाच्या दिशेने बसवा, मग प्लॅन कमांड द्या. दृश्य फिरतं, निर्देशांक तसेच राहतात. मग १:२००० प्रमाण लावा आणि व्ह्यूपोर्टला कुलूप घाला. कुलूप घालायला विसरलात तर माउसच्या चाकाच्या एका धक्क्याने प्रमाण बिघडतं आणि ते छापल्यावरच कळतं. अक्षरं उलटी-तिरकी दिसू नयेत म्हणून मजकूर अॅनोटेटिव्ह (प्रमाणानुसार आकार धरणारा) करा आणि त्याची दिशा लेआउटशी जुळवून घेण्याचा पर्याय चालू करा. उत्तरेचा बाण मात्र प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये वेगळा फिरेल. साखळी नेहमी डावीकडून उजवीकडे वाढली पाहिजे, मग बाण खाली तोंड करून आला तरी चालेल. त्यासाठीच प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात छोटा सूचक नकाशा लागतो.

सिव्हिल थ्रीडी हाताशी आलं तर व्ह्यू फ्रेम, मॅचलाइन (दोन शीटं जुळण्याची रेषा), शीटं हे सगळं प्लॅन प्रॉडक्शनमधून बनतं. क्यूजीआयएसच्या अॅटलासनेही प्रत्येक तुकड्याचा फिरवण्याचा कोन तक्त्यातून देऊन प्लॅनची पट्टी छान निघते, गावातल्या बैठकीसाठी मी तीच वापरतो.

एका शीटला एकच किलोमीटर ठेवा. ए-१ कागदावर दीड किलोमीटर बसवायचा मोह होतो, कारण शीटं कमी होतात. पण शीट ८ म्हणजे ७/००० ते ८/००० हे प्रत्येकाच्या डोक्यात बसलं की फोनवर बोलणं सोपं जातं. साइटवर कुणी ए-१ घेऊन फिरत नाही, ए-३ वर छापतात. ए-३ ला सगळं निम्मं होतं: १:२००० चं १:४००० आणि अडीच मिलीमीटरचं अक्षर सव्वा मिलीमीटरचं. उन्हात ते वाचता येत नाही. साखळी, गट नंबर आणि पातळ्या साडेतीन मिलीमीटरच्या ठेवा. प्रमाण आकड्यासोबत पट्टीच्या रूपातही काढा, छापताना लहान-मोठं झालं तरी पट्टी खोटं बोलत नाही. मॅचलाइनपलीकडचे पन्नास मीटर फिक्या रंगात दाखवा, पण त्यातल्या विहिरी-बोअरची नोंद फक्त ज्या शीटची साखळी आहे तिच्यातच करा. नाहीतर एकच विहीर दोनदा मोजली जाते.

गट नंबरांची पट्टी. गावनकाशा स्कॅन करून बसवताना चार कोपरे धरून भागत नाही. जुना कागद वेडावाकडा ताणलेला असतो. त्रिसीमे, ओढ्यांचे संगम, जुने बांध, गावठाणाचे कोपरे असे जमिनीवर खरोखर सापडणारे दहा-बारा बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदूचा उरलेला फरक बघा. एखाद्या बिंदूचा फरक बाकीच्यांच्या तिप्पट येत असेल तर तो बिंदू चुकीचा ओळखलाय. इतकं करूनही बांध पाच-दहा मीटर इकडे-तिकडे येतात. जुन्या मोजणीचं टिपण ज्या मोजायच्या साखळीने लिहिलं ती ३३ फुटांची, १६ आण्यांची. ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा तिच्यावरूनच आला. ती अचूकता त्या काळाच्या कामाला पुरेशी होती, आपल्या एल-सेक्शनला ती पुरी पडत नाही.

गटांचे बहुभुज बंद करा, ऑब्जेक्ट डेटा तक्त्यात गाव, गट नंबर आणि नोंदीचा आधार असे तीन रकाने ठेवा. सेंटरलाइन प्रत्येक बांधाला जिथे छेदते तिथली साखळी काढली की 'या गटातून ४/२१२ ते ४/३६८, लांबी १५६ मीटर' असा तक्ता तयार होतो. तोच तक्ता शीटच्या पट्टीत, तोच मोजणीच्या अर्जात जाऊ द्या. दोन ठिकाणी दोनदा टाइप करू नका. आधाराच्या रकान्यात 'गावनकाशा' की 'संयुक्त मोजणी' ते स्पष्ट लिहा, आणि मोजणी झालेली नाही तिथे बांध तुटक रेषेने दाखवा. सलग रेषा बघून शेतकरी तोच आपला बांध समजतो आणि शेजाऱ्याशी भांडण सुरू होतं. असं भांडण आपल्या एका रेषेने लागलेलं मी पाहिलंय.

रस्ता, रेल्वे, कालवा यांच्या क्रॉसिंगला दोन साखळ्या लिहा: आपली आणि त्यांची. रेल्वेला आपली ११/६४० समजत नाही, त्यांना त्यांचा किलोमीटर आणि खांब हवा. क्रॉसिंगचा कोन आणि १:२०० चं वेगळं तपशील ड्रॉइंग, एवढं पुरतं.

मराठी मजकुरासाठी युनिकोड फॉन्टच वापरा. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी आली की प्रश्नचिन्हं दिसतात, आणि जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली गावांची नावं दुसऱ्याच्या मशीनवर भलतीच अक्षरं होतात. छापून बघितल्याशिवाय सोडू नका, जोडाक्षरं पडद्यावर एक आणि पीडीएफमध्ये दुसरी दिसू शकतात.

बदलांची नोंद शीटवार ठेवा. वळसा सातव्या किलोमीटरला असेल तर शीट ७ आणि ८ आर-१ (पहिली सुधारणा) होतील, बाकीची आर-० च राहतील. साखळी सरकवली नाही तर हे शक्य होतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं: दर बदलाला दोन-तीन शीटं, अडतीस नाही.

आता ३८ किलोमीटर एकदम घेऊ नका. तुकडे परत एका फाइलमध्ये आणण्यात वेळ घालवण्यापेक्षा मूळ डेटावरून पहिले दोन किलोमीटर नव्याने बसवा: सेंटरलाइन, साखळ्या, सेक्शन, गटांची पट्टी, दोन्ही शीटं. ए-३ वर छापा आणि तो कागद घेऊन ०/००० पासून २/००० पर्यंत पायी चाला. सोबत गावातला एखादा जाणता माणूस घ्या. कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, जमिनीवर आहे आणि कागदावर नाही, अशा दोन्ही गोष्टींवर लाल पेनने खुणा करा. त्या लाल खुणांसकट दोन्ही शीटं मला पाठवा. पहिल्या मॅचलाइनपाशी साखळी आणि गट जुळतात का ते मी बघून देतो, मग पुढचे छत्तीस घ्या.